माप न घेतलेलं कॅबिनेट

मी काही लेखक नाही. आमच्या घरातला कॉलेजला गेलेला पहिलाच मी, म्हणून लिहायचं धाडस करतोय याची आधी माफी मागतो. पण जळक्या तारेचा वास आला की माझी सांगलीतली खोली आठवते. कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायला दोन दिवस उरले होते. त्यासाठी सुटे भाग जमवून मी कॉम्प्युटर जोडत होतो, आणि कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, निवडलं होतं ते त्याचा पुढचा हिरवा दिवा पाहून. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडायची मुख्य पाटी, त्यात मावेचना. रडवेला होऊन फलटणला वडिलांच्या दुकानात फोन केला. वडील पत्र्याच्या पेट्या करायचे. पत्रा आणि कात्री घेऊन ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले आणि हसले, “पेट्या करनाऱ्याचा पोरगा तू, आन माप न घेता पेटी आनलीस व्हय रं?” दुपारपर्यंत त्यांनी बोर्डाच्या मापाची पेटी ठोकली, अगदी कडी-कोयंड्यासकट. बोर्ड मीच बसवला. तो पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी खुंट लावायचे असतात. घाईत मी ते विसरलो. बटण दाबताच ठिणगी उडाली, धूर निघाला. “माझाच पत्रा वंगाळ निघाला रं,” वडील म्हणाले. बोर्ड जळला, प्रोजेक्ट दाखवता आलं नाही, माझं वर्ष गेलं. खुंट मीच विसरलो होतो हे त्यांना सांगायचं मी महिनाभर आज-उद्या करत राहिलो. शेवटी गावी जायला पिशवी भरली, त्याच दिवशी आईनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र आलं: वडिलांनी दुकान बंद केलं होतं, आणि कात्री दुसऱ्या पेटीवाल्याला देऊन टाकली होती.