भाऊ उपासानं मेला नाही

रिसोडच्या आमच्या अडतीवर सोयाबीनची आवक थंडावली की आम्ही धान्याच्या काट्यावर एकमेकांना उभं करायचो. ज्याचा आकडा मोठा, तो त्या दिवसाचा शेठ. असल्या बिनडोक खेळात माझा धाकटा भाऊ नेहमी जिंकायचा. चरबीला आम्ही खात्यापित्या घरची खूण म्हणायचो.

वाशिमच्या डॉक्टरनं मात्र त्याला भिंतीला उभं करून उंचीही मोजली. वजनाला उंचीनं भागायचं, आलेल्या आकड्याला पुन्हा उंचीनं. त्याला बीएमआय म्हणतात. भावाचा फार वर होता. कंबरही बेताबाहेर. शुगर आहे, रक्तदाब आहे, पोट उतरवलं नाही तर हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं. जन्मभर काट्यापाशी बसलेल्या आम्हा शहाण्यांच्या टाळक्यात उंची कधी आलीच नव्हती.

भाऊ मालेगाव रस्त्यानं रोज चालू लागला. साखर सोडली, भाकर अर्धी केली. सदरा ढिला झाला तशी अडतीवरची तोंडं सुटली.

“काहून रे भाऊ, टीबी झाला काय तुले?”

“बायको जेवाले देत नाही वाटते.”

“हसा लेकहो,” भाऊ म्हणाला. “जिना चढताना आता दम नाही लागून राह्यला मले.”

ते मूर्ख होते. मी त्यांच्याहून नीच. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. मी त्याला घरी गाठून झापलं, “असा वाळलेला बाप पाह्यला त घरात बिमारी आहे म्हनतीन. सोयरीक मोडली त तोंड कुठं दाखवशीन? खाय गुमान.”

मोठ्या भावाचा शब्द त्यानं मोडला नाही. पोट परत आलं, चालणं सुटलं. मुलीचं लग्न थाटात झालं. पुढच्या वर्षी हृदयविकारानं तो गेला.

तेरवीच्या पंगतीत लाडू चापत लोक म्हणाले, “उपाशी राहून जीव गेला त्याचा.” मी वाढत होतो. गप्प राहिलो, कारण ते खोटं मला सोयीचं होतं.

आज त्याचा मुलगा बापाहून जाड आहे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतो, “बाबा डायटिंगनंच गेले ना, मोठेबाबा?” आणि मी, भेकड, इतकी वर्षं मान हलवत आलो. परवा त्याला समोर बसवून खरं सांगितलं: बाप बरा होऊन राह्यला होता, मीच त्याले परत खायले लावलं.

“मंग आजवर काहून नाही सांगितलं?” एवढंच विचारून तो उठला.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. काल वाशिमला डॉक्टरकडे जाऊन आला, असं त्याच्या बायकोकडून कळलं. माझ्याशी नाही बोलला तरी चालेल.