सुईबाईची शिवण

ट्रकवाल्यासमोर त्याचीच ताडपत्री फाडताना सुईबाई हसायची. दोन्ही हातांनी कापड धरून एक झटका द्यायची आणि टरकन आवाज झाला की फाटकी कड त्याच्या नाकासमोर नाचवायची. "हे ताडपत्री नोहे गा, हे तुह्या पोराचं लंगोट हाय. याच्या भरोशावर तू कलकत्त्याले चालला?" भोवतालचे हमाल खिदळायचे. पन्नाशीतला ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहायचा, आणि ती त्याला आणखी दोन वाक्यं ऐकवायची. ती इथे लिहिता येणार नाहीत.

नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मी डिस्पॅचला कारकून होते. सुईबाई फाटकाजवळच्या टिनाच्या शेडखाली बसायची. बाहेर जाणाऱ्या ट्रकांच्या ताडपत्र्या तपासायच्या, फाटल्या असतील तिथे शिवायच्या, हे तिचं काम. खरं नाव वच्छला. पोती शिवायचा लांब दाभण अंबाड्यात खोचलेला, म्हणून सुईबाई.

ताडपत्री आधी ती उन्हाकडे धरायची. टाचणीएवढा उजेड दिसला तरी बाजूला. मग नखाने ओरखडायची. नागपूरचे दोन उन्हाळे खाल्लेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीची पांढरी भुकटी नखाखाली येते. "इचा पापड झाला," असं म्हणून फेकून द्यायची. शेवटी कडेच्या पितळी कड्या बोटात अडकवून ओढायची. दोर त्यांतूनच जातो, सगळा ताण तिथेच येतो. "माही शिवन जात नाई," ती म्हणायची, "जाईल तं कडी जाईल."

मलाही तिने सोडलं नव्हतं. पहिल्या मे महिन्यात मी यार्डात चक्कर येऊन पडले. तिने दोन थपडा मारून मला शुद्धीवर आणलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, मांडीवर डोकं घेऊन पदराने वारा घातला. नंतर महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "पंजाबचा डायवर पाह्यला अन् पोरगी पडली." मी रडले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

हमालांची नवी टोळी आली की ती एक खेळ करायची. रिकाम्या ट्रकच्या हौद्यावर चांगली, कोरी ताडपत्री ताणून बांधायला लावायची. वर एकाने उभं राहायचं, ट्रकवर नाही, शेजारच्या धक्क्यावर, आणि वाळूचं पोतं ढकलायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोतं ढकलण्याआधी ती सगळ्यांना म्हणाली, "हा माहा नवरा. पाहा कसा जाते." पोतं कापडावर पडलं, एका बाजूच्या कड्या तटातट सुटल्या आणि ते हौद्याच्या लोखंडावर जाऊन आदळलं. कोणी हसलं नाही. सुईबाई मात्र हसली. "ताडपत्री पान्यासाठी असते, मानसासाठी नाई. खाली माल नसन तं तिच्यावर पाय ठेवाचा नाई." तिचा नवरा कळमन्याच्या बाजारात असाच गेला होता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

देवराव त्या टोळीतलाच. अंगाने आडदांड, तोंडाने गरीब. सुईबाई त्याला 'रेडा' म्हणायची आणि डब्यातली भाकर अर्धी मोडून द्यायची.

त्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस होऊन गेला होता. सुताच्या खोक्यांनी अर्धा भरलेला एक ट्रक फाटकाशी उभा होता. पुढे माल, मागे फाळक्याच्या दारापर्यंत पोकळी, आणि त्या पोकळीवर ताडपत्रीत पाण्याचं मोठं डबकं लोंबत होतं. आमचे शिफ्टचे साहेब घाईत होते.

"चढ रे, पायाने पाणी लोट," त्यांनी देवरावला सांगितलं.

सुईबाई शेडमधून ओरडली, "फाळका खोला! अंदरून बांबूनं ढोसा, आपोआप जाते पानी!"

"त्याला अर्धा तास लागेल. तू तुझं शिवणकाम कर."

देवराव दोघांकडे पाहत राहिला. "चढशीन तं मरशीन रे रेड्या," ती म्हणाली. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो चढला. खोक्यांवर होता तोवर ठीक होतं. एक पाऊल पुढे टाकलं आणि डावीकडच्या कड्या एकामागून एक उपटून आल्या. पाण्यासकट तो खाली गेला. आम्ही फाळका उघडला तेव्हा तो शुद्धीवर होता. "माहे पाय कोठी हायेत?" असं विचारत होता. पाय जागेवरच होते. त्याला ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला अहवाल सांगितला आणि मी लिहिला: 'ताडपत्रीची शिवण सदोष असल्याने उसवली व कामगार खाली पडला.' शिवण शाबूत होती. मी ती डोळ्यांनी पाहिली होती. साहेबांनी सुईबाईला बोलावून तो वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताडपत्री दाखवा." ताडपत्री सकाळीच भंगारात गेली होती. मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, तू तं तिथंच होती. शिवन गेली का कडी गेली?"

मी टाचण्या नीट लावत राहिले. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती.

त्याच दिवशी तिला काढलं. फाटकाबाहेर देवरावची बायको उभी होती. कोणीतरी तिला आधीच सांगितलं होतं. ती सुईबाईच्या तोंडावर थुंकली आणि गिरणीच्या सगळ्या हमालांसमोर तिला नवरा खाणारी म्हणाली. ट्रकवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरणारी ती बाई पदराने तोंड पुसून बसच्या थांब्याकडे चालू लागली.

दोन वर्षांनी मी तिला शोधत गेले. नागपूरच्या महाल भागात एका गल्लीत, दप्तरं शिवणाऱ्याच्या दुकानात ती मशीनवर बसली होती. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. म्हटलं, मी खरं लिहून देते, सही करते, नोकरी गेली तर गेली.

"कोनाले दाखवतं आता?" मशीन न थांबवता तिने विचारलं. "देवराव मेला दिवायीच्या टायमाले. पाठीले जखमा होऊन सडला."

"त्याच्या बायकोला तरी कळू दे."

"काहून?" तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "ते मले शिव्या देऊन देऊन जगून राहिली. साहेबाले शिव्या द्याची तिची हिंमत नाई. माह्यावरचा राग घेतला तिच्यापासून, तं तिच्याजवळ रायते काय? तुले झोप लागत नाई म्हनून तिले उठवतं? जाय घरी."

तिने दुसरं दप्तर मशीनखाली घेतलं. तिने परत वर पाहिलं नाही.

गल्लीतून गाडी बाहेर काढताना मला हलकं वाटलं. सही करावी लागणार नव्हती, नोकरी राहणार होती, आणि तसं तिनेच सांगितलं होतं. धरमपेठेत घराजवळ येईपर्यंत मी भाजी काय घ्यायची याचा विचार करत होते. सुईबाई आता कुठे आहे, मला माहीत नाही. अहवालाचं एक वेळ जाऊ द्या, तेव्हा मी घाबरलेली होते. त्या संध्याकाळच्या हलकं वाटण्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.