आतून लागणारी कडी

शालिनी देवस्थळीची एक मुलगी शहराच्या टोकाला झोटवाड्यात आहे, अशी कुजबुज २००८च्या गणपतीत जयपूरच्या मराठी मंडळात सुरू झाली. मंडळातल्या मंदाकिनीबाईंनी ती आरतीच्या आधी उचलली, आणि खिरापत वाटून होईपर्यंत त्या मुलीला वयसुद्धा मिळालं: अकरा. तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात शालिनीचं नाव आहे म्हणे, हेही कुणी छातीठोकपणे सांगून गेलं. एरवी पंखे चालत नाहीत म्हणून लवकर पांगणारी माणसं त्या दिवशी साडेनऊपर्यंत हलली नाहीत.

शालिनीच्या कानावर हे आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अकरा नाही, बारा." आणि रांगोळीचे डबे आवरायला लागली. आता अशा बाईला काय म्हणावं?

तिचा नवरा श्रीपाद विमा कंपनीत अधिकारी. सात बदल्या झालेल्या. प्रत्येक गावात सामान उतरलं की शालिनी पहिल्यांदा शाळा पाहायला निघे, आणि पाहायची ती थेट स्थळं पाहावीत तशी. घराणं कसं, मास्तरांचं वळण कसं, आजूबाजूची वस्ती कशी. त्यासाठी तिची एक रकाने आखलेली वही होती. मुलं मोठी झाली, निनाद पुण्याला गेला, अनुया बंगलोरला, आणि वही माळ्यावर गेली. सुटलो, असं तिला वाटलं होतं.

त्या जूनमध्ये मीराबाईनं ती पुन्हा खाली काढायला लावली. मीराबाई त्यांच्या शास्त्रीनगरच्या घरी भांडी घासायला येई, राहायची झोटवाड्यात. तिची सुगना पाचवी पास झाली होती आणि वस्तीतली शाळा पाचवीलाच संपत होती. सहावीसाठी मिडल स्कूल शोधायचं होतं, नाहीतर जुलै संपताच बाप तिला गावी आजीकडे धाडणार होता, शेळ्या राखायला. एकदा गेलेल्या मुली परत येत नसत, सासरीच जात. "भाभीजी, आप देख लो ना," मीराबाई म्हणाली, "आपको स्कूल समझ में आता है."

झालं. शालिनीनं गुडघ्यांना तेल चोळलं आणि निघाली. चार शाळा, चार दिवस, वर बेचाळीस डिग्री ऊन. मात्र जाताना तिनं सवयीनं इस्त्रीची साडी नेसली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवला आणि श्रीपादचं ऑफिसचं क्लिप लावलेलं पॅड काखेत मारलं. मग काय व्हायचं ते झालं. पहिल्या शाळेत हेडमास्तर उभेच राहिले. चहा आला. दुपारच्या जेवणातली डाळ इतकी दाट, की डावही उभा राहावा. विज्ञानाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल, दक्षिण ध्रुवाशी चेपलेला. शालिनीनं रकान्यात दहापैकी आठ मांडले.

दुसऱ्या शाळेतही आठ. तिसरीतही. चौथ्या शाळेत तिनं टेबलावरच्या गोलाला सहज हात लावला, तर दक्षिण ध्रुव तिथेही चेपलेला. खिडकीबाहेर, तिसऱ्या शाळेचा शिपाई सायकलला टेकून घाम पुसत होता.

ती बसस्टॉपवर बराच वेळ बसून राहिली. दोन बस गेल्या. शिक्षण खात्याची मॅडम तपासणीला आली समजून चार हेडमास्तरांनी एकच गोल शाळेशाळेत फिरवला, याचं तिला हसू यायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. तिच्या मनात एकच येत होतं. सात गावांत साहेबांच्या बायकोला कुणीकुणी कायकाय मांडून दाखवलं असेल? घरी श्रीपाद म्हणाला, सगळ्या सारख्याच आहेत ना, मग जवळची घ्या. ती बादलीत पाय बुडवून बसली.

सोमवारी ती वही न घेता गेली. घरातलं विटकं पातळ, सपाता, सोबत मीराबाई आणि सुगना. या खेपेला कुणी उभं राहिलं नाही, बसाही म्हटलं नाही. मीराबाईनं शिकवणाऱ्या कुठल्या बहेनजीला एक प्रश्न विचारला नाही. नुसतं लेकीला सांगितलं, जा, बाथरूमला जाऊन ये. पहिल्या शाळेत बाथरूमला कुलूप, किल्ली हेडमास्तरांकडे. दुसऱ्या शाळेत दारच नाही. तिसऱ्या शाळेत दार होतं, पण कडी बाहेरून. एक पोर आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी.

चौथी शाळा चारींत गरीब. पत्रा गळका, गणिताचे मास्तर फेब्रुवारीपासून गायब. सुगना परत आली आणि आईच्या कानाशी लागली.

"अंदर से बंद होता है," मीराबाईनं जाहीर केलं. "बस. यहीं."

"अगं, इथे गणित शिकवायला माणूस नाही," शालिनी म्हणाली.

"गणित तो आप पढ़ा दोगी, भाभीजी. दरवाज़ा कहाँ से लाओगी?"

अठरा वर्षांच्या वहीत शालिनीनं हा रकाना कधी आखला नव्हता. तिच्या मुलांच्या शाळांना दारं होतीच, मग कडीकडे कोण बघतो? ती ऑफिसच्या खिडकीपाशी गेली आणि फॉर्म मागितला. जुलैच्या तिसऱ्या तारखेला सुगनाचं नाव सहावीत लागलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी शालिनी बसनं झोटवाड्यात जाते, व्हरांड्यात अपूर्णांक शिकवते आणि पाय सुजवून घरी येते. परतताना सुगना तिची पिशवी धरून स्टॉपपर्यंत येते. ते मंडळातल्या कुणीतरी पाहिलं.

मुलगी मीराबाईची होती. मीराबाईकडे फोन नव्हता, म्हणून कारकुनानं पालकाच्या ओळीत शालिनीचा नंबर लिहिला, आणि नंबराशेजारी तिचं नाव.