अंबाड्यातला आकडा

नांदेडच्या दवाखान्यात माझा एचआयव्हीचा रिपोर्ट ऐकताच दीर म्हणाला, "ही आता घरात येणार न्हाई."

समुपदेशक बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला. प्रत्येकाला त्या आकड्यानंच समजावत, म्हणून केस कायम सुटलेले.

"मावशी, विषाणू पेशीला चिकटला की त्याचं आवरण रूप बदलतं. आतला काटा निघतो." त्यांनी आकडा सरळ करून माझ्या पदरात खुपसला. "रुतला की असा दुमडतो आणि पेशीला जवळ ओढतो."

"सोयऱ्यागत की!" मी म्हणाले.

तोच आकडा दातात धरून त्या अंबाडा बांधू लागल्या. दीर किंचाळला, "तोंडात?"

"पदराला लागून हा रोग होत न्हाई, काका. गोळ्या घेतल्या तर मावशी लई जगतील."

दिरानं मला घरी नेलं. स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र त्याला कधी पटल्या नाहीत. तो गेला. मी आहे.