गडग्यापलीकडचा मोगरा

भाट्याची खाडी तरीने ओलांडून पावस गावाच्या वाटेला लागलं, की कोसभरावर आमची वाडी. पंधरा-सोळा घरं, सगळी कातळावर. कुदळ मारली की हातभर मातीखाली जांभा वाजतो. त्यामुळे बाग म्हणून कुणाची काही असलीच, तर ती घरापुढच्या चार पावलांच्या तुकड्यात, खाडीकडून टोपल्यांनी वाहून आणलेल्या मातीत. राही शितपची बाग अशीच होती.

राहीचा नवरा भागोजी मुंबईला गोदीत कामाला. वर्षातून एकदा, शिमग्याला पंधरा दिवस घरी यायचा. बाकीचं वर्ष राही आणि तिची मुलगी काशी. भात, नाचणी, एक शेळी आणि दारापुढे अबोली. त्या अबोलीवर राहीचा फार जीव. शिमग्यात गावदेवीची पालखी वाडीत आली, की राहीच्या हातची अबोलीची वेणी पालखीच्या पुढच्या अंगाला बांधायचे. मानकरी अंगणात पाय ठेवतानाच विचारायचे, "राहीची वेणी तयार हाय ना?" वर्षभराच्या कष्टात तिच्या नावाने विचारलेली ही एवढीच एक गोष्ट होती.

एकोणीसशे पंचवीस साली शेजारच्या घरात सखू नवरी होऊन आली. तिचा नवरा गंगाराम कौलं आणि नारळ वाहणाऱ्या मचव्यावर खलाशी होता. सखू गुहागरची. माहेरच्या सुपारीच्या बागेतून तिने येताना बटमोगऱ्याचं एक रोप आणलं, सुपारीच्या विरीत, झावळीच्या बुंध्याच्या रुंद सालीत, ओल्या मातीसकट गुंडाळून. दोन घरांमध्ये कंबरभर उंचीचा, दगड रचून केलेला गडगा होता. सखूने रोप त्या गडग्याला लागून, आपल्या बाजूला लावलं.

दुसऱ्या फाल्गुनात ते फुललं. झुडूप केवढं, तर पालथ्या घातलेल्या डालग्याएवढं, गोल, आटोपशीर. पण फुलं घट्ट, पांढरी, बोराएवढी. आणि वास. त्या वासाला गडगा अडवू शकला नाही.

भागोजी त्या वर्षी मुंबईहून आला, ओटीवर पडशी ठेवली आणि उभ्यानेच मान वर करून हुंगत राहिला.

"कसला गो ह्यो वास?"

"कसला कसला? चूल पेटलीय," राही म्हणाली.

"चुलीचा न्हाय. मोगऱ्याचा हाय." तो सरळ गडग्याशी गेला. पलीकडून सखूने डोक्यावरचा पदर सारखा करून ओंजळभर फुलं पुढे केली. भागोजीने ती आणून राहीच्या हातात दिली. त्याने प्रेमानेच दिली. पण राहीला वाटलं, आपल्या हातात निखारे ठेवले. ती फुलं तिने माळली नाहीत. "माजं डोकं दुखतं उग्र वासाने," असं म्हणून तिने ती देवापुढे ठेवून दिली.

दोन दिवसांनी पालखी आली. पुजाऱ्याने सखूची मोगऱ्याची वेणी पुढे बांधली आणि राहीची अबोलीची काढून पालखीच्या बाजूच्या खांबाला अडकवली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण ढोल वाजत होते, सगळी वाडी नाचत होती आणि राही बाजूच्या खांबाकडे बघत होती.

त्यानंतर तिने मोगरा लावायचा ध्यास घेतला. सखूने दोनदा स्वतःहून विचारलं, "राहीवैनी, एक फांदी मातीत दाबू काय तुज्यासाठी? पावसाळ्यात मुळं फुटतील." राही म्हणाली, "नको गो. जागा कुठं हाय?" आणि पुढच्या बाजाराला रत्नागिरीत जाऊन, एक चांगला कोंबडा देऊन, माळ्याकडून रोप घेऊन आली. त्याला तिने शेणखत घातलं, सुकटीचा भुगा घातला, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. ते वाढलं खूप. पानं काळीभोर, फांद्या वेलीसारख्या लांब. फुलं मात्र वैशाखात, तीही बोटांवर मोजण्याइतकी.

गडग्यापलीकडे सखू काही विशेष करताना दिसायची नाही. गंगाराम घरी असला की तोच घागर आणून ओतायचा आणि दोघं काहीतरी बोलून हसायची. राहीला ते हसू ऐकू यायचं. आपल्याबद्दलच बोलतात, असं तिला वाटायचं. बोलत नसत. आपल्याबद्दल बोलण्यासारखं त्यांना काही वाटतच नाही, हे लक्षात आलं तेव्हा तिला आणखीच टोचलं.

अठ्ठावीस सालच्या कार्तिकात सखू पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. गंगारामचा मचवा तिला गुहागरला उतरवून पुढे मुंबईकडे जायचा होता. घराला कडी घालून सखू गडग्याशी आली.

"वैनी, मोगऱ्याकडे बगशील ना? दोन दिवसांआड घागरभर पाणी घाल. तुज्याशिवाय कुणाला सांगू?"

"जा गो सुखाने," राही म्हणाली.

आणि पहिले काही दिवस तिने पाणी खरोखरच घातलं. मन लावून घातलं. मग मार्गशीर्षात एका दुपारी टपालवाला आला. राहीला वाचता येत नव्हतं, म्हणून तोच ओटीवर बसून पत्र वाचून दाखवायचा. शेजारच्या दोन बायका ऐकायला आल्या होत्या. भागोजीने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. खुशाली, काशीची चौकशी, आणि शेवटी: 'आपल्या शेजारच्या मोगऱ्याचा वास मला इथे गोदीत, तेलाच्या पिंपांमध्येसुद्धा आठवतो. शिमग्याची वाट पाहतो.'

बायका हसल्या. टपालवालाही हसला. राहीही हसली.

त्या संध्याकाळी तिने घागर भरली, गडग्यापर्यंत नेली आणि परत आणून आपल्या झाडाला ओतली. दुसऱ्या दिवशी तेच. मग ती घागर घेऊन जाईनाशीच झाली. कातळावरची माती, दहा दिवसांत ती भेगाळली. मोगऱ्याची पानं मलूल झाली, कडेने वळली. राही रोज बघायची. तिला वाईट वाटायचं आणि ते वाटता वाटता बरंही वाटायचं.

पौषात एका सकाळी ती अंगणात भात पाखडत होती. तिची शेळी दावं तोडून गडग्यावर चढली. क्षणभर तिथे उभी राहिली आणि पलीकडे उतरली. राहीच्या हातात सूप होतं. एक हाक मारली असती तरी शेळी फिरली असती. राहीने हाक मारली नाही. ती भात पाखडत राहिली. शेळीने अर्ध्या घटकेत झुडपावरचं पान न् पान ओरबाडलं, कोवळे शेंडे खाल्ले आणि आपण होऊन परत आली. पलीकडे काटक्यांचा एक झुपका तेवढा उरला.

"आये, सखूकाकीचं झाड बग!" काशी ओरडली.

"बगितलं. गप ऱ्हा," राही म्हणाली.

पौषाच्या शेवटाला गंगाराम एकटाच आला. मचव्याचं काम होतं म्हणून बंदरात उतरला होता, घरातून काही कपडे न्यायला वाडीत आला. राहीने विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मुलगा झाला वता," तो म्हणाला. "तीन दिवस जगला." मग त्याने कपड्यांचं बोचकं बांधलं. मोगऱ्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

तो वळणापलीकडे दिसेनासा झाला आणि राहीने घागर उचलली. त्या दिवशी तिने पाच घागरी ओतल्या. माती पाणी पीत राहिली. विळ्याने तिने वाळलेली टोकं कापली, भोवतीची माती उकरली, आपल्या झाडासाठी ठेवलेलं सगळं शेणखत तिथे टाकलं. रोज सकाळी ती काटक्यांना नख लावून बघायची, आत हिरवं आहे का. एवढं एक जगू दे, असं ती गावदेवीला म्हणत होती. मोगऱ्यासाठी म्हणत होती की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

बाराव्या दिवशी काटकीला हिरवा ठिपका दिसला. मग दुसरा. मग सगळं झुडूप पोपटी झालं, आणि प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला कळ्यांचा घोस. आधी कधी आल्या नव्हत्या इतक्या कळ्या. राही कमरेवर हात ठेवून बघत राहिली. हे तिने केलं होतं. पण करायला निघाली होती ती भलतंच.

सखू फाल्गुनात आली. वाळली होती, डोळे खोल गेले होते. घराची कडी काढायच्या आधी ती अंगणात थबकली. झुडपावर पान कमी आणि फूल जास्त अशी स्थिती होती. ती तिथेच खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. राही गडगा ओलांडून गेली. सखूने तिचे दोन्ही हात धरले.

"माजं एक गेलं, वैनी. एक तू राखलंस."

तेव्हा सांगायला हवं होतं. राहीच्या ओठांवर आलंही. पण वाडीतल्या बायका जमल्या होत्या, सगळ्या सखूला जवळ घेत होत्या, सगळ्या त्या फुलांकडे बघत होत्या. आणि तशा वेळीसुद्धा, मूल गेलेल्या त्या पोरीशेजारी उभं असतानासुद्धा, राहीला सखूचा हेवा वाटला. आपल्या दाराशी कुणी असं कधी जमलं नव्हतं. स्वतःची तिला भीती वाटली. काही न सांगताच ती गडगा ओलांडून परत आली.

पुढच्या पौषात मात्र तिने गडग्यापलीकडून कुणी बघत नाही असं पाहून आपल्याच मोगऱ्याचं पाणी तोडलं. महिन्याने पान न् पान हाताने ओरबाडलं, लांब फांद्या छाटल्या, आणि माघात भरपूर पाणी दिलं. फाल्गुनात तिचं ते उंडगं झाड आटोपशीर, गोल होऊन पांढरं झालं. पालखीला पुढे राहीची वेणी लागली. भागोजी म्हणाला, "आता आपल्या दारी वास आला." तिला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं.

सखूने विचारलं, "काय करतेस गो झाडाला?"

"काय न्हाय. एकेकीचा हात असतो."

सात वर्षं हेच चाललं. सखू बिचारी हिवाळाभर मायेने पाणी घालायची आणि तिच्या झाडाला बेताचीच फुलं यायची. सांगायचं म्हटलं तर राहीला शेळीचंही सांगावं लागलं असतं. पण खरं दुःख वेगळंच होतं. सखू जळत नव्हती. "आमच्या राहीवैनीचा हात बगा," असं तीच पालखीच्या लोकांना कौतुकाने सांगायची. तिला मैना नावाची मुलगी झाली होती, गंगाराम अजून घागर आणून ओतायचा, अजून ती दोघं हसायची. राही फुलांनी लगडलेल्या झाडाशी उभी राहून त्या न जळणाऱ्या बाईवर जळत होती.

छत्तीस साली पावसाळा लांबला आणि सखूच्या मोगऱ्याच्या मुळाशी पाणी साचलं. पानं पिवळी पडली. मार्गशीर्षात एका सकाळी सखू कुदळ घेऊन गडग्याशी आली, सोबत मैना.

"वैनी, हे मी उपटून तुला देते. माज्या दारात जगत न्हाय. तू एकदा जगवलंस, आता तुज्याकडेच ऱ्हाऊ दे." मग ती मुलीला म्हणाली, "पाया पड गो काकीच्या. तुजा भाऊ गेला तवा काकीने हे राखलं वतं."

मैना गडग्यावर चढून खरंच वाकली. राही मागे सरली.

"नको पडू. सखू, कुदळ ठेव. पाणी बंद कर त्याचं. पौषात सगळा पाला ओरबाड."

"मरंल गो ते!"

"न्हाय मरायचं. मी मारायला बगितलं वतं, तवा मेलं न्हाय."

मग तिने सगळं सांगितलं. पत्र, घागर, शेळी. सखूने ऐकून घेतलं. मैनाचा हात धरून आत गेली आणि दार लावलं.

अडीच महिने दोघी बोलल्या नाहीत. विहिरीवर सखू राहीला बघून घागर बाजूला घ्यायची. पण पौषात एका सकाळी राहीला गडग्यापलीकडून आवाज आला. सखू झाडाचा पाला काढत होती. शांतपणे नव्हे, ओठ आवळून, एकेक पान चिमटून, जणू कुणाचे केस उपटावेत तशी.

फाल्गुनात सखूचं झाड जुनं रूप घेऊन आलं, त्याहून जास्तच. पालखी आली. मानकऱ्यांनी दोन्ही वेण्या हातात घेऊन बघितल्या आणि सखूची पुढे बांधली. राही पूर्वीसारखीच जळली. इतक्या वर्षांनी, सगळं सांगून झाल्यावरही जळली. पालखी पुढच्या अंगणात गेली, तशी ती गडग्याशी गेली.

"सखू, जळतं गो माजं अजून."

सखूने वळून पाहिलं. "जळू दे," ती म्हणाली. "माजंपन जळलं अडीच महिने. आता कळलं तुला कसं वाटत असंल ते."

एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. सखू मधूनच, शेणी थापताना नाहीतर मासे साफ करताना, गडग्यावरून एखादा प्रश्न टाकायची. "शेळी चढली ती तू बगितलीस ना?" "बगितली." "हाकललीस न्हाय?" "न्हाय." मग चार दिवस जायचे. पुन्हा एखादा प्रश्न. राही प्रत्येकाचं खरं उत्तर द्यायची. पुढच्या शिमग्याच्या तोंडावर एकदा सखूने विचारलं, "बाळाचं कळलं नसतं, तर पानी घातलं असतंस?"

राहीने गडग्यावरचा सुटलेला दगड नीट बसवला. "ठाव न्हाय," ती म्हणाली.

सखूने मान हलवली आणि परातीतले बांगडे धुवायला घेतले. जरा वेळाने त्यातले दोन तिने गडग्यावर ठेवले. "काशीचा बाप येनार हाय ना उद्या? कालवण कर."

राहीने ते उचलले. आत जाताना सवयीप्रमाणे तिने सखूच्या परातीत किती उरलेत ते बघून घेतलंच.