जिनिंगच्या गेटवरची आगपेटी

हे लिहावं की नाही, या विचारात वर्ष गेलं. आमच्या घरात भूत, करणी, उतारा हे शब्दच चालत नाहीत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले ताईत-अंगारे नदीत सोडले, आणि त्यानंतर आमच्याकडे लिंबू कापलं गेलं ते फक्त सरबतासाठी. मी पाटबंधारे खात्यात आहे. सत्तावीस वर्षं कालव्याच्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहितोय. जे मोजता येत नाही त्यावर मी मत देत नाही. तरी हे लिहितोय, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती मी मोजूनमापूनच केली आहे.

आम्ही दारव्ह्याला राहतो, एका जुन्या जिनिंग फॅक्टरीत. कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचं काम तिथे चाले. कारखाना बंद पडून वीसेक वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, भिंतींत पिंपळ उगवले. मग एका बिल्डरने ती जागा घेतली आणि पाडण्याऐवजी दुरुस्त केली. गठाणी दाबायच्या प्रेसच्या इमारतीत खाली दवाखाना आणि वर मुलांची अभ्यासिका झाली, लांबलचक गोदामात आडव्या भिंती घालून चौदा घरं काढली. आमचं नऊ नंबरचं. सोळा फूट बाय चौतीस, दगडी भिंत बावीस इंचांची, उंची एकोणीस फूट, म्हणून अर्ध्या भागावर माळा टाकता आला. प्लास्टर करताना फटींतून रुईचे पुंजके निघत होते. मे महिन्यात दुपारी दोनला मी थर्मामीटर लावून पाहिला... बाहेर चव्वेचाळीस, आत सदतीस. घर चांगलं आहे. ही घराची तक्रार नाही.

जुनं दगडी गेट बिल्डरने तसंच ठेवलं. गेटच्या बाजूला चौकीदाराची खोली होती, तिची छोटी खिडकी अजून आहे. खिडकीला दगडी फळी, मधोमध झिजून खोलगट झालेली. बिल्डरने वर एक दिवा लावून दिला, शोभेसाठी.

जानेवारीत आम्ही तिघं राहायला आलो — मी, पत्नी सुनंदा आणि आई. सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती आणि उदबत्ती लावून वंदना म्हणायची, हा तिचा नेम. अलीकडे ती विसरू लागली होती. वरणात मीठ दोनदा पडायचं, शेजारणीचं नाव आठवायचं नाही. घरात आगपेटी लागायची ती फक्त तिच्या मेणबत्तीला. गॅससाठी लायटर होता.

दुसऱ्याच आठवड्यात मूर्तीजवळची आगपेटी गेली. सकाळी ऑफिसला निघालो तर ती गेटवरच्या त्या फळीवर. नीट ठेवलेली, छाप वर करून. मी घरी आणली. तीन दिवसांनी पुन्हा तेच.

"अहो, आईनंच नेली असन," सुनंदा म्हणाली. "काल मिठाचा डबा फ्रीजमधे होता."

आईने ऐकलं. "मी काहून नेऊ माचिस गेटवर? मले काय या वयात बिडी ओढाची हाय?"

"ओढत असान त सांगा आई, दोघी मिळून ओढू. मलेबी शाळेतून आल्यावर डोकं दुखते."

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. मी वही केली, तिथून हसणं कमी झालं.

वहीत रकाने पाडले : तारीख, आगपेटी शेवटची कधी दिसली, घरात कोण होतं, गेटवर किती वाजता सापडली. एकेचाळीस दिवसांत नऊ वेळा आगपेटी गेली. नऊही वेळा आई घरात होती. मधले चार दिवस ती माझ्या धाकट्या भावाकडे, संजयकडे, घाटंजीला गेली होती. त्या चार दिवसांत एकदाही नाही. नऊ आणि शून्य. मला वाटलं, उत्तर मिळालं. गॅसचा लायटर एकदाही हलला नाही, हेही मी लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

मी आईला वही दाखवली. तिने चष्मा लावून आकडे पाहिले. मग उठली, शिवणाच्या डब्यातून निळा दोरा काढला आणि आगपेटीला दोन वेढे देऊन गाठ मारली.

"हे माही. आता हे गेली त मंग म्हणजो, मायनं नेली म्हणून."

दोन दिवसांनी ती गेली. गेटवर सापडली, निळ्या दोऱ्यासकट.

यानंतर मी जे केलं ते सरळ लिहितो. आगपेटी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. आईच्या विसरण्याने उद्या घराला आग लागली तर, हे माझं कारण होतं आणि ते मला पटलेलं होतं. रोज संध्याकाळी आई कपाटाजवळ यायची. "बाबू, दे बरं काडी." मी एक काडी द्यायचो आणि आगपेटीची बाजू तिच्यासमोर धरायचो. ती काडी ओढून, ज्योत तळव्याआड धरून मूर्तीकडे जायची. एकदा वाऱ्याने काडी विझली, ती दुसरी मागायला आली. मी दिली. आणि वहीत लिहिलं — 'दुसरी काडी, ६.५०.' ते तिने पाहिलं.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी म्हणाली, "मले संजयकडे सोडून दे. म्हातारी म्हण, येडी म्हण, काही म्हण. चोर नको म्हणू."

"चोर कोण म्हणून राह्यलं तुले?"

"वही म्हणते ना."

मी तिला थांबवलं नाही.

रविवारी अकराला घाटंजीकडे जाणारी जीप गेटवर येऊन उभी राहिली. मी पिशवी घेऊन पुढे, आई आणि सुनंदा मागे. गेटशी आलो आणि पाय थांबले. फळीवर निळ्या दोऱ्याची आगपेटी होती. आदल्या संध्याकाळी मी ती स्वतः कपाटात ठेवली होती. किल्ली आत्ताही खिशात होती, हात घालून पाहिली. रात्री पँट खुंटीवर होती, हे लगेच आठवलं. आणि जीपमधल्या सात माणसांसमोर मी आईला विचारलं,

"आई, किल्ली कधी घेतली माह्या खिशातून?"

सुनंदाने माझा दंड धरला. आईने फळीवरची आगपेटी उचलली, कमरेच्या बटव्यात टाकली आणि जीपमध्ये बसली. जीप गेली.

गेटसमोर गुलाबरावांची चहाची टपरी आहे. सत्तरीचे आहेत, तरुणपणी याच जिनिंगमध्ये हमाल होते. तेवढ्यात ते तिथून म्हणाले, "काहो साहेब, मावशीची सुट्टी झाली वाटते?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हणजे माचिस वापस भेटली ना त्याईले. तुमाले माहीत नाही? अहो, जिनात माचिस न्याची सोय नव्हती. रुई होय ते. एक ठिणगी पडली का साराच खाक. आमी आत जातानी चौकीदार सगळ्यायच्या बिड्या-माचिसा काढून त्या फळीवर ठेवे. सुट्टी झाली का ज्याची त्याले वापस. दोनशे माणूस, पण कधी अदलाबदल नाही. बत्तीस वर्सं होता तो गेटवर. या जिनाले कधी आग लागली नाही."

"त्याचं काय झालं? इथंच काही..."

"इथं कायले? घरीच गेला, म्हातारा होऊन. लेकी-सुना जवळ होत्या. तुमाले काय वाटलं, खून-बिन? साहेब, पिक्चर नोका पाहू एवढे." ते हसले. मग म्हणाले, "मालकाच्या जावयाचीबी माचिस काढून घेतली होती त्यानं. लय कडक. पण चोर कोणालेच नाही म्हटलं कधी. 'तुहीच हाय, जातानी ने' म्हणे."

मी घरी आलो. कपाटाचं कुलूप लावलेलं होतं. उघडलं, आगपेटी ठेवायचा कोपरा रिकामा. मग वही काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. आई घाटंजीला होती त्या चार दिवसांत आगपेटी गेली नाही, कारण त्या चार दिवसांत आगपेटी घरात नव्हतीच. मेणबत्ती लावणारं कुणी नव्हतं, आणि आदल्या दिवशी गेटवर सापडलेली आगपेटी माझ्या ऑफिसच्या टेबलावरच राहिली होती. ते शून्य काहीच सांगत नव्हतं. कालव्यावर एखाद्या पोराने अशी नोंद आणली असती तर मी ती तोंडावर परत केली असती.

तरी मी खात्री केली. स्वभाव जात नाही. दोन नव्या आगपेट्या आणल्या. काड्या मोजल्या — एकीत सेहेचाळीस, दुसरीत चव्वेचाळीस. दोन्हींवर सही केली. कपाटाला नवं कुलूप आणलं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला परतलो तर पहिली फळीवर होती. सहाव्या दिवशी दुसरी. काड्या तेवढ्याच. सही माझीच. कुलूप जसंच्या तसं.

पुढच्या सकाळी रजा टाकून घाटंजीची बस धरली. आई संजयच्या अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. मी समोर उकिडवा बसलो.

"आई, तू नव्हती नेत माचिस."

"हे मले माहीत होतं." तिने सुपावरून नजर काढली नाही. "तुले कसं समजलं?"

मी सगळं सांगितलं. चौकीदार, बत्तीस वर्षं, नवं कुलूप, सेहेचाळीस आणि चव्वेचाळीस. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे सबूत भेटला."

"हो."

"सबूत न भेटता आला असता, त म्या आत्ताच पिशवी भरली असती, बाबू." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "च्या पिऊन जाय. संजयची बायको ठेवून राह्यली."

मी चहा प्यालो आणि परत आलो.

आता तुम्ही विचाराल ते मी स्वतःला विचारून झालंय. उंदीर? उंदीर कुलूप लावत नाही. शेजारी? नव्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे कशी असेल? अभ्यासिकेला कॅमेरा आहे, पण गेटचा खांब आडवा येतो, फळी दिसत नाही. दुसरा कॅमेरा बसवता येईल. सुनंदा म्हणाली, बसवा. मी नाही म्हटलं. मला उत्तर नको आहे असं नाही. पण पुरावे गोळा करणं मी एकदा केलंय या घरात, पुन्हा करवत नाही. वही बंद केली आहे. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि भूत या शब्दावर माझा आजही विश्वास नाही. आगपेटी आम्ही घरात आणत नाही. मेणबत्ती गॅसच्या ज्योतीवर पेटवतो.

आई घाटंजीलाच असते. दोन-तीन महिन्यांतून एकदा येते, चार दिवस राहते. जीपमधून उतरली की आधी त्या खिडकीशी जाते. बटव्यातून निळ्या दोऱ्याची आगपेटी काढून फळीच्या खोलगट जागी ठेवते. "ठेवली रे बापू," त्या रिकाम्या खिडकीला म्हणते, आणि मग आत येते. चार दिवस ती तिथेच असते, कुणी हात लावत नाही. जायच्या दिवशी आई ती उचलते. मी मागे पिशवी घेऊन उभा असतो. प्रत्येक वेळी वाटतं, आज ती उचलणार नाही, तशीच ठेवून घराकडे वळेल...

अजून तरी ती उचलतेच.