न वाजलेली घंटी

गल्लीत त्याला सगळे ‘ऑफ-ऑन’ म्हणत. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. इन्व्हर्टरचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, असो की वॉशिंग मशीनचं, गिऱ्हाइकाला त्याचा पहिला सल्ला ठरलेला. “आधी बंद करून परत चालू करा. नाहीच झालं तर आणा.” निम्म्या लोकांचं तेवढ्यावर भागायचं.

दुकानामागच्या खोलीत त्याची थोरली बहीण असायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली, आवाजही खोल गेला. म्हणून त्याने तिच्या उशाशी लांब वायरचं एक बटण दिलं. ते दाबलं की दुकानातल्या टेबलावर घंटी वाजायची.

घंटी अधूनमधून गप्प व्हायची. तो प्लग काढून परत लावायचा, की वाजायची.

“अरे, एकदा उघडून बघ तिला,” ताई म्हणायची.

“बघतो गं,” म्हणत तो गिऱ्हाइकांच्या कामाला लागायचा.

एका दुपारी तो जेवायला आत गेला, तर ताई फरशीवर. पाणी घ्यायला वाकली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. बटण मुठीत घट्ट.

“किती वेळ दाबलं रे,” एवढंच ती म्हणाली.

ती दवाखान्यात असताना त्याने घंटी उघडली. मीटर लावला, व्होल्टेज चोख. घंटीही बिनतक्रार वाजत होती. तेवढ्यात फ्रिज गुरगुरून सुरू झाला. त्याने बटण दाबलं. आवाज नाही. फ्रिज सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडायचं, मीटरवर दिसणारही नाही इतका थोडा वेळ. घंटीच्या अडॅप्टरमधला, असा क्षण सांभाळून घेणारा कपॅसिटर सुकलेला, त्याला तेवढंही पेलत नव्हतं. मग घंटीचं कार्ड धड बंद पडायचं नाही की धड सुरू व्हायचं नाही, मधेच अडकून बसायचं.

त्याने कपॅसिटर बदलला. व्होल्टेज पडलं तर कार्ड आपोआप नव्याने सुरू करणारी बारकी चिप बसवली. फ्रिज पुन्हा पुन्हा बंद-चालू केला, घंटी दर वेळी वाजली. हातचा चहा निवायच्या आत काम संपलं होतं. एवढंसंच काम होतं. तो डोकं धरून बसून राहिला.

ताई घरी आली.

“दाबून बघ ना. आता दगा नाही देणार.”

“वाजत असेल रे,” म्हणत तिने हात पांघरुणात ओढून घेतला.

त्याने दुकानातलं कामाचं टेबल तिच्या खोलीत आणलं, खाटेला लागून. तरी ती काही मागेना. पाणीसुद्धा कमी पिऊ लागली, लघवीला न्यायला कुणाला उठावं लागू नये म्हणून. तो पेला तिच्या तोंडाशी धरायचा.

“घोटभर तरी घे, ताई.”

“तहान नाही रे,” ती म्हणायची. ओठांना भेगा पडलेल्या असायच्या.